ऐकणे आणि कानावर पडणे: संगीताची शिफारस करणारे यंत्र नेमके काय मोजते?

विलेपार्ल्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या रोज रात्री जेवणे आटोपल्यावर, दिवा मालवून, तास-पाऊण तास शास्त्रीय संगीतातला ख्याल ऐकतात. सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर भावगीते चालू असतात आणि कामावर जाता-येता लोकलमध्ये हिंदी चित्रपटगीते. हे सारे एकाच खात्यावरून चालते. असे असताना ज्या संगीतावर त्यांचा खरा जीव आहे, त्याच्या अनोळखी ध्वनिमुद्रणांची शिफारस क्वचितच का येते? लक्ष देऊन ऐकण्याला या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हिशेबात काही जास्त वजन असते की नाही? आणि घरच्या स्पीकरसाठी वेगळे खाते काढल्याने फरक पडेल का?

मी गेली चौदा वर्षे मुंबईत अशाच शिफारस प्रणाली बांधण्याचे काम करतो आहे, तेव्हा आधी सरळ उत्तर देतो. लक्षाला वजन द्यायची आम्हा सर्वांचीच इच्छा असते, पण लक्ष यंत्राला दिसत नाही. त्याला दिसते ते बोट: कोणते गाणे शोधून लावले, कुठे पुढे ढकलले, कुठे थांबवले, कोणते खूण करून जपून ठेवले. मराठीत ‘ऐकणे’ आणि ‘कानावर पडणे’ असे दोन निराळे शब्दप्रयोग आहेत. यंत्राच्या नोंदवहीत दोहोंसाठी एकच ओळ पडते. त्यातही पंचाईत अशी की माणूस जितका रंगून ऐकतो, तितकी त्याच्या बोटाची हालचाल कमी होते. समाधी लागलेला श्रोता आणि घोरत पडलेला श्रोता यांच्या नोंदी तंतोतंत सारख्या दिसतात. मैफलीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलते, ‘वाहवा’ उमटते, आणि गाणाऱ्याला समोरच्या माणसाच्या कानाची जात कळते. आमच्या यंत्रापुढे असा कोणी बसलेलाच नसतो.

नोंद म्हणजे नेमके काय, हे एकदा पाहून घेण्यासारखे आहे, कारण ते कोणालाही पाहता येते. स्पॉटिफायसारख्या सेवेकडून आपल्या ऐकण्याचा संपूर्ण इतिहास मागवून घेता येतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक वेळी वाजलेल्या प्रत्येक गाण्याची एक नोंद असते: ते कधी थांबले, किती मिलिसेकंद वाजले, कोणत्या उपकरणावर वाजले, शफल (गाणी क्रम मोडून वाजवणे) चालू होते का, इंटरनेटविना वाजले का. सर्वसाधारण वाचक या रकान्यांवरून नजर फिरवून फाइल मिटून टाकतो. पण माझ्या मते तिच्यातले सर्वांत बोलके दोन रकाने ‘सुरू होण्याचे कारण’ आणि ‘संपण्याचे कारण’ हे आहेत. यादीतल्या ओळीवर बोट ठेवून गाणे सुरू केले, की आधीचे संपले म्हणून ते आपोआप सुरू झाले, की पुढे जाण्याचे बटण दाबल्यामुळे त्याची पाळी आली, हे तिथे स्वच्छ लिहिलेले असते. लक्षाचा पुरावा म्हणता येईल असे आमच्या हाती जे काही असते, त्याचा मोठा भाग या दोन रकान्यांत आहे.

आता आपला एक दिवस या नोंदवहीत कसा दिसेल ते मांडून पाहू. आकडे मी अंदाजाने धरतो आहे. सकाळी दीड तास भावगीते वाजली. एक गाणे चार मिनिटांच्या आसपास धरले तर २२ नोंदी होतात, आणि पहिली सोडली तर बाकी सगळ्या आपोआप सुरू झालेल्या. लोकलमध्ये चाळीस मिनिटांत १९ गाणी सुरू झाली, त्यांतली ११ अर्ध्यातच पुढे ढकलली गेली. रात्री बेचाळीस मिनिटांचा विलंबित (संथ लयीचा) ख्याल आणि त्यामागून नऊ मिनिटांची द्रुत (जलद) बंदिश, म्हणजे २ नोंदी. एकूण ४३ नोंदींपैकी ख्यालाच्या २, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. हाच दिवस मिनिटांनी मोजला तर १८१ मिनिटांपैकी ५१ ख्यालाची निघतात, म्हणजे अठ्ठावीस टक्के. आपणांला विचारले तर आपण सांगाल की दिवसभरात खरे ऐकले ते तेवढेच. एकाच माणसाच्या एकाच दिवसाची ही तीन चित्रे आहेत, आणि यंत्र कोणत्या चित्रावरून शिकेल हे त्याने कोणते एकक धरले आहे यावर ठरते. बहुतेक संगीतसेवांचा हिशेब नोंदींच्या संख्येकडे झुकलेला असतो, कारण तीन-चार मिनिटांचे गाणे हेच या धंद्याचे नाणे आहे. मानधनाची मोजणीही त्याच नाण्यात चालते.

वजन कसे दिले जाते याची मुळे पाहायची तर २००८ सालच्या एका शोधनिबंधाकडे जावे लागते. यिफान हू, यहुदा कोरेन आणि ख्रिस व्होलिन्स्की या तिघांनी तो लिहिला. त्याआधी या क्षेत्रातला पुष्कळ विचार ‘पाचपैकी किती तारे’ अशा उघड गुणांवर चालत असे. या तिघांनी ‘आवड’ आणि ‘खात्री’ या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एखादी गोष्ट आपण एकदा पाहिली किंवा ऐकली तर ती आवडली असे गृहीत धरायचे, मात्र त्या गृहीतकावरची खात्री अगदी थोडी ठेवायची. जितक्या वेळा ती पुन्हा घडेल तितकी खात्री वाढवत न्यायची. आजची मॉडेले, म्हणजे नोंदींवरून शिकणारी गणिते, दिसायला फार निराळी आहेत, पण त्यांच्या पोटात अजून हीच कल्पना आहे. निबंधातला विदा (तपासलेली माहिती) संगीताचा नव्हता. घरोघरचे दूरचित्रवाणी संच कोणत्या वेळी कोणत्या वाहिनीवर होते याचा होता. त्यातला एक बारकावा मला आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. संच एका वाहिनीवर लावून तसाच सोडून दिला, तर पुढचे कार्यक्रम कोणी पाहत असेलच असे नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून वाहिनी बदलल्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला जवळजवळ पूर्ण वजन, तिसऱ्याला निम्मे, आणि मधे कोणी रिमोटला हात लावला नाही तर पाचव्यापर्यंत जवळपास शून्य, असा उतार त्यांनी बसवला. म्हणजे चालू राहणे आणि पाहिले जाणे यांतला फरक या शास्त्राला पहिल्यापासून ठाऊक आहे.

हाच उतार संगीताला जसाच्या तसा लावला, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या बावीस गाण्यांपैकी सुरुवातीची तीन-चारच हिशेबात धरली जातील, आणि ते रास्तही आहे. पण रात्रीचे काय? तिथे विलंबितानंतरची द्रुत बंदिश आपोआपच सुरू होते. तिच्यासाठी उठून कोणी बोट लावत नाही, लावूही नये. मोठ्या रागाच्या ध्वनिमुद्रणाचे कोणी चार तुकडे करून ते चढवले असतील (जुन्या कॅसेट आणि तबकड्यांवरून आलेल्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांचे तसेच झाले आहे), तर चौथ्या तुकड्यापर्यंत पोहोचलेला निष्ठावान श्रोता नेमका शून्याकडे घसरणाऱ्या वजनाच्या खड्ड्यात पडतो. कानावर पडणाऱ्या संगीतावरचा उपाय असा ऐकणाऱ्याच्याच मुळावर येतो, आणि म्हणून कोणतीही शहाणी प्रणाली हा एकच नियम सगळीकडे वापरत नाही. उपकरण, वेळ, पडदा चालू आहे की बंद, यादी स्वतः बनवलेली की यंत्राने दिलेली, आवाज मधेच वाढवला का, अशा दहा-वीस गोष्टी एकत्र पाहून ती अंदाज बांधते. तरीही तो अंदाजच राहतो.

गाणे पुढे ढकलण्याचा इशारा त्यामानाने स्वच्छ आहे, अशी या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाची पहिली समजूत असते. माझीही होती. २०१४ साली संगीताच्या आकडेवारीचे अभ्यासक पॉल लामेर यांनी स्पॉटिफायच्या नोंदी तपासून दाखवले होते की एखादे गाणे पहिल्या पाच सेकंदांतच ढकलले जाण्याची शक्यता सुमारे २४ टक्के असते, आणि संपण्यापूर्वी कधीतरी ढकलले जाण्याची सुमारे ४९ टक्के. म्हणजे लावलेल्या दोन गाण्यांपैकी जवळजवळ एक पुरे ऐकले जात नाही. एवढा मुबलक इशारा हाताशी असताना मॉडेल त्याच्यावर पोसले जाणारच.

मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे एकदा आमच्या शिफारशींचा सकाळचा निकाल एकाएकी फारच चांगला दिसू लागला. आठवड्याच्या कामाच्या दिवशी, साडेआठ ते दहाच्या दरम्यान, मुंबईतले श्रोते आमची गाणी जवळजवळ ढकलतच नव्हते. दुपारी हेच श्रोते पुन्हा नेहमीसारखे चोखंदळ होत. आम्ही समजलो की सकाळच्या मूडला साजेशी गाणी निवडणारा नवा भाग कामी आला. बैठकीत टाळ्याही पडल्या. विरारहून येणारा आमचा एक सहकारी मागे बसून ऐकत होता. तो म्हणाला, “त्या वेळेला हात खिशापर्यंत न्यायला जागा असते का? अंधेरीला उतरेपर्यंत मी जे लागेल ते ऐकतो.” त्यानंतर आम्ही आकडे फोड करून पाहिले. रविवारी हा परिणाम नव्हता, उलट दिशेच्या रिकाम्या गाड्यांच्या वेळेतही नव्हता. आम्ही गाण्यांची पसंती मोजत नव्हतो, डब्यातली गर्दी मोजत होतो; आणि महिनाभर मॉडेल त्या गर्दीवरून शिकले होते की लोकांना सकाळी अमुक गाणी आवडतात. ती गाणी मग संध्याकाळीही पुढे येऊ लागली, इतर शहरांतही गेली.

पोळ्यांसाठी कणीक मळणाऱ्या हातांचेही असेच आहे. आपण ढकलत नाही कारण बोटांना पीठ लागलेले असते. म्हणून अनोळखी गाणे श्रोत्यापुढे ठेवायला स्वयंपाकघर ही सर्वांत वाईट जागा आहे, असे माझे मत झाले आहे: तिथे ते गाणे कोणी नाकारत नाही, कोणी स्वीकारतही नाही, आणि यंत्र मात्र ‘चालले’ अशी नोंद घेऊन पुढे जाते. याउलट ओळखीचे गाणे तिथे उत्तम काम करते. लक्ष दुसरीकडे असताना माणसाला आधार हवा असतो, धक्का नको असतो, आणि ही गरज काही हलकी नाही. सकाळी सात वाजता भाजी फोडणीला टाकताना कोणी माझ्यापुढे अतिविलंबित झूमरा तालातला ख्याल ठेवला तर मीही तो बंद करीन. चूक होते ती एका प्रसंगातून शिकलेली गोष्ट दुसऱ्या प्रसंगात वापरल्याने.

आता आपल्या ख्यालाकडे वळतो, कारण तिथे आणखी दोन अडचणी आहेत.

पहिली तीस सेकंदांची. स्पॉटिफायवर एखादे गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच ते ‘ऐकले’ म्हणून मोजले जाते, आणि शिफारशीची कितीतरी मॉडेले याच मर्यादेला यशाची खूण मानून शिकवली गेली आहेत: तीस सेकंद टिकला तर शिफारस बरोबर, नाही तर चूक. चित्रपटगीताचा तीस सेकंदांत मुखडा कळतो. अतिविलंबित ख्यालाचे मात्र एक आवर्तनच, म्हणजे तालाची एक फेरीच, पाऊण ते एक मिनिटाची असू शकते. म्हणजे यंत्राने निकाल दिला तेव्हा एक सम होऊन दुसरी यायचीही असते. ध्वनिमुद्रणात सुरुवातीला तानपुरे जुळत असतील तर गवयाचा आवाजही कानी आलेला नसतो. शिवाय बेचाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटे ऐकून कोणी दार वाजवले म्हणून उठले, तर ‘अपूर्ण’ असा शेरा पडू शकतो. तीन मिनिटांचे गाणे पुरे वाजले तर ‘पूर्ण’. ऐकण्याचा काळ दहापट असूनही शेरा वाईट. आता संगीताच्या प्रकारानुसार वेगळे माप धरण्याकडे पुष्कळ ठिकाणी कल आहे, कारण झोपेसाठी लावलेली यादी आणि नीट बसून ऐकायची यादी यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही हे संशोधनातही मान्य झाले आहे. पण वेगळे माप बसवायला त्या प्रकाराच्या पुरेशा नोंदी लागतात, आणि ख्यालाच्या नोंदी मुळातच थोड्या असतात.

दुसरी अडचण यंत्राच्या स्वतःच्या कानाची आहे. ज्या ध्वनिमुद्रणाला श्रोतेच कमी, त्याची शिफारस श्रोत्यांच्या सवयींवरून करता येत नाही. मग ध्वनीचेच विश्लेषण करून साधर्म्य शोधावे लागते. २०१३ साली आरन व्हॅन डेन ऊर्ड, सँडर डीलमन आणि बेंजामिन श्राउवेन यांनी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी गणिती रचना) वापरून हे करून दाखवले, आणि तेव्हापासून ही वाट रुळली. अशी मॉडेले ध्वनीचे छोटे तुकडे घेतात आणि त्यांतला पोत, लय, वाद्यमेळ, सुरांची दाटी ओळखतात. त्यांना सारंगी आणि व्हायोलिन वेगळे कळते, पुरुषाचा आणि स्त्रीचा आवाज वेगळा कळतो. पण भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. भूपाचा जीव गंधारावर (ग), देशकाराचा धैवतावर (ध); भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. काही सेकंदांच्या तुकड्यात पाच स्वरांची हजेरी घेणाऱ्या यंत्राला हे जुळे भाऊ वाटतात. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचीही तीच कथा. शिकाऊ कानालाही इथे चकायला होते, तेव्हा यंत्राला फार बोल लावू नये. पण आपणांला रात्री साडेनऊ वाजता देशकार सुचवला गेला तर तो का, एवढे यावरून कळेल.

हे अंतर यंत्राला शिकवतात ती माणसेच, आणि तीही लक्ष देऊन ऐकणारी. येथे आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू येते, जी बहुधा सांगितली जात नाही. एखाद्याने हौसेने ‘रात्रीचे राग’ अशी यादी केली, त्यात सात गायकांचा भूप घातला आणि देशकार घातला नाही, तर त्या एका यादीतून यंत्राला जे कळते ते लाखभर लोकांच्या स्वयंपाकघरांतून कळत नाही. एकाच यादीत वारंवार शेजारी येणाऱ्या गाण्यांना मॉडेल आपल्या नकाशात जवळ आणून ठेवते. शब्दांचे अर्थ शेजारच्या शब्दांवरून शिकण्याची जी पद्धत भाषेच्या मॉडेलांत आहे, तीच इथे गाण्यांना लावलेली आहे. स्पॉटिफायने २०१५ साली दर सोमवारी तीस गाणी देणारी ‘डिस्कव्हर वीकली’ सुरू केली, तिचा मोठा आधार वापरणाऱ्यांनी स्वतः जुळवलेल्या प्लेलिस्ट हाच होता. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे असे आपण म्हणतो. या नकाशाच्या बारीक रेषा कानसेनांनीच काढलेल्या आहेत. वरवरच्या ऐकण्यातून नकाशाला विस्तार मिळतो, कोणता रस्ता किती वाहता आहे ते कळते. ते रस्ते कुठून कुठे जातात, हे मात्र थोडक्या लोकांनी ठरवलेले असते.

अर्थात थोडक्यांवर विसंबण्याचेही धोके आहेत. आकाशवाणीवर ‘आपली आवड’साठी पोस्टकार्ड पाठवणारा श्रोता आठवा. कार्ड आणायचे, गाण्याचे नाव आठवून लिहायचे, घरातल्या सर्वांची नावे घालायची आणि पेटीत टाकायचे: यापेक्षा उघड, यापेक्षा विचारपूर्वक दिलेली पसंती कोणती? पण त्या पोस्टकार्डांवरून देशाची आवड ठरवली असती तर झुमरी तिलैय्या हे संगीतरसिकांचे सर्वांत मोठे नगर ठरले असते. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीला तिथून येणाऱ्या फर्माईशी इतक्या असत की त्या गावाचे नावच त्यामुळे घरोघरी पोहोचले. आजही आवडल्याची खूण दाबणारे लोक मोजकेच असतात, आणि ज्यांना ती दाबायची सवय आहे ते सगळ्यावरच दाबतात. म्हणून उघड इशारे आणि मुके इशारे एकमेकांवर ताडून पाहावे लागतात. २०२३ नंतर बोलून किंवा लिहून मागणी करण्याची सोय काही सेवांमध्ये येऊ लागली आहे; ‘मध्यलयीतला झपताल, स्त्रीस्वर’ असे साध्या भाषेत सांगता येणे म्हणजे पोस्टकार्डच परत आले म्हणायचे. मला त्याच्याकडून आशा आहे, पण ती मागणी पुरी करायला ध्वनिमुद्रणावर राग, ताल, बंदिशीची नावे धड लिहिलेली हवीत. आज आपल्याकडे एकाच गायिकेचे नाव तीन स्पेलिंगांनी तीन वेगवेगळ्या व्यक्ती म्हणून चढवलेले सापडते.

आता राहिला तो फेऱ्याचा प्रश्न. यंत्र जे पुढे ठेवते तेच ऐकले जाते, आणि जे ऐकले जाते त्यावरून यंत्र पुन्हा शिकते. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी गाणी ऐकायला दिली होती; इतरांनी काय उतरवून घेतले हे ज्यांना दिसत होते त्यांच्या गटांत लोकप्रियतेतली विषमता वाढली आणि कोणते गाणे वर जाईल हे सांगणेही कठीण झाले. स्पॉटिफायच्या नोंदींवर ॲश्टन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली केलेल्या अभ्यासात असे दिसले की अल्गोरिदमच्या (म्हणजे यंत्राच्या शिफारशींच्या) आधारे झालेले ऐकणे हे स्वतः शोधून ऐकण्यापेक्षा कमी वैविध्याचे असते, आणि ज्यांची आवड काळाबरोबर विस्तारत गेली ते अल्गोरिदमकडून स्वतःच्या शोधाकडे सरकलेले होते. माझा अनुभव याला धरूनच आहे. न ढकललेले गाणे वर चढते, चढल्यामुळे आणखी लागते, आणि अखेर जी गाणी कोणालाच खटकत नाहीत त्यांची चलती होते. कोणाला फार आवडणे आणि कोणाला खटकणे या दोन्ही गोष्टी ज्या गाण्यात एकत्र असतात, त्याचे यात नुकसान होते. ख्याल नेमका तसा आहे.

हे बिघडण्यात दुकानांचाही हात असतो. एका जुन्या प्रकल्पात आमचे ‘सर्वांत निष्ठावान श्रोते’ म्हणून जी खाती वर आली, ती दिवसाचे बारा-बारा तास वाजत होती. कोणी एवढे ऐकत नाही. ती केशकर्तनालये आणि कापडाची दुकाने होती. गाणे किती वेळा वाजले याची सरळ बेरीज न करता तिचा लॉगॅरिदम घ्यावा, म्हणजे शंभराव्या वाजण्याला पहिल्याइतके वजन मिळत नाही, हा उपाय वर सांगितलेल्या २००८ च्या निबंधातही आहे. आमच्याकडे तो लावायचा राहून गेला होता. गणेशोत्सवाचे दहा दिवस कोणाचा तरी फोन मंडपातल्या ध्वनिक्षेपकाला जोडलेला असतो, आणि पुढे पितृपक्ष उलटून गेला तरी त्या बिचाऱ्याला आरत्या सुचवल्या जातात, ते याच जातीचे.

एवढे झाल्यावर आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. होय, स्वयंपाकघराच्या स्पीकरसाठी वेगळे खाते काढावे. कुटुंबासाठीच्या सभासदत्वात प्रत्येक खात्याची आवड स्वतंत्र नोंदवली जाते, त्यामुळे सकाळच्या बावीस नोंदी रात्रीच्या दोनांवर बसणार नाहीत, आणि सकाळची भावगीतेही जास्त नेमकी येतील. ते शक्य नसेल तर स्पॉटिफायवर २०२३ पासून एखादी प्लेलिस्ट आपल्या आवडीच्या हिशेबातून वगळण्याची सोय आहे. सकाळची यादी तिथे वगळून टाकावी. पाहुणे आले, नातवाला बडबडगीते लावायची आहेत, मंडळाने फोन मागितला, अशा वेळी खासगी सत्र (‘प्रायव्हेट सेशन’) चालू करावे.

रात्रीसाठी थोडे बोट खर्च करावे लागेल. ख्याल यंत्राच्या यादीतून आपोआप लागू देऊ नये, गायकाच्या किंवा रागाच्या नावाने शोधून लावावा. आवडला तर ऐकून झाल्यावर जपून ठेवावा आणि स्वतःच्या यादीत घालावा; यादीला राग-प्रहराचे नाव द्यावे आणि तिच्यात परक्या गोष्टी मिसळू नयेत. दहा-बारा ध्वनिमुद्रणांची एकजिनसी यादी शंभरांच्या भेळेपेक्षा जास्त उपयोगी पडते. शफल बंद असावे. संपल्यानंतर आपोआप पुढचे लावण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, कारण ख्याल संपल्यावर यंत्र स्वतःहून जे काही लावील ते आपण डोळे मिटून बसलात म्हणून ‘पुरे ऐकले’ असे नोंदले जाईल. डोळा लागण्याची शक्यता असेल तर स्लीप टायमर लावावा. नवी नोंद जुनीपेक्षा जड धरली जात असल्यामुळे परिणाम दिसायला वर्षे लागत नाहीत. तीन-चार आठवडे नेमाने केले तर शिफारशींचा कल बदललेला दिसतो, असे मी घरीच करून पाहिले आहे. माझ्या आईच्या खात्यावर मात्र हे साधले नाही. ती रात्री मारूबिहाग राग लावते आणि मधेच उठून त्याच फोनवर मालिकेचे शीर्षकगीत शोधते, आणि त्याला माझ्याजवळ इलाज नाही.